उजेडाची बारी

१९ जानेवारी, रविवार. बीड

दिवे आले. लाकडी खोक्यात दोन, एकाच साच्यातले, एकावर 'अ' आणि दुसऱ्यावर 'ब'. चालू केले की दोन्हींच्या कडेला लाल ठिपका लागतो, आतला पंखा घुमतो, हाताला सारखेच कोमट लागतात. उपचाराचा खरा किरण डोळ्यांना दिसणारा नाहीच. यातला एक दिवा खरा आहे आणि एक नुसतं खोकं आहे. कोणता कोणता, ते पुण्याच्या सरांच्या कपाटात, बंद पाकिटात. मलाही माहीत नाही. ते मला माहीत नसणं यावरच हा अभ्यास उभा आहे.

प्रश्न साधा आहे. लकव्यानंतर किंवा मणक्याला मार लागल्यावर ज्यांचे स्नायू ताठरतात, त्यांना व्यायामाआधी वीस मिनिटं हा प्रकाश दिला, तर नुसत्या व्यायामापेक्षा जास्त गुण येतो का? आठ रुग्ण. चौघांना अ, चौघांना ब. बारा आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. व्यायाम सगळ्यांना तोच. फरक दिसला तर खरा दिवा आपल्या केंद्रात कायमचा राहील, असं सर म्हणालेत. नाही दिसला तर दोन्ही परत.

मापं रजिस्टरमध्ये जातील. ही वही उरलेल्या गोष्टींसाठी. उरलेलं फार काही नसावं अशी अपेक्षा आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिला दिवस. आठही जण पाटोद्याकडचे, एकाच जीपमधून आले. दीड तासाचा रस्ता, उतरताना प्रत्येकाचा ताठरलेला अवयव आणखी ताठरलेला. चौघांना दिवा खरा मिळेल, चौघांना रिकामा, आणि कुणाला कोणता हे कुणालाच कळणार नाही, असं पुन्हा समजावून सांगितलं. सह्या-अंगठे आधीच झालेत. आश्रुबा म्हणून एक आहेत, पाण्याच्या टँकरवरून पडून मणका दुखावलेला, दोन्ही पायांत ताठरपणा. त्यांनी विचारलं, "म्हंजी अर्ध्याला पाणी आन अर्ध्याला नुस्ता पाइप?" साधारण तसंच, म्हणालो.

पद्धत अशी. प्रत्येकाला नंबर घातलेलं दुमडलेलं कार्ड दिलंय, आत अ किंवा ब लिहिलेलं. पडद्यामागे आमचा मदतनीस अभिमन्यू ते उघडून बघतो, तो दिवा लावतो, कार्ड परत देतो. मी पडद्यामागे जायचं नाही. वीस मिनिटांनी रुग्ण माझ्याकडे, चाळीस मिनिटं व्यायाम. अभिमन्यू पंधरा वर्षं इथे आहे आणि सांगितलेलं अक्षरशः पाळतो. त्याला सांगितलंय, फक्त कार्ड बघायचं.

दिव्यासाठी काळे चष्मे लागतात. आठ जण काळे चष्मे लावून बाकावर बसले होते. एखाद्या पुढाऱ्याची माणसं वाटत होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

नंबर दोन, वच्छलाबाई. वय बासष्ट, दोन वर्षांपूर्वी उजव्या बाजूला लकवा. चालतात बऱ्या, पण उजवी मूठ आवळलेली, अंगठा आत. ताठरपणा शून्य ते चारच्या पट्टीवर तीन. नखं तळव्यात रुततात म्हणून मुठीत चिंधी ठेवतात. फॉर्मवर 'उपचारातून काय अपेक्षा' असा रकाना आहे. बाकीच्यांनी 'बरं व्हावं' असं सांगितलं. या म्हणाल्या, "बांगड्या भरायच्यात. नातीचं लगीन हाय वैशाखात."

मी म्हणालो, उघडझाप होणारं कडं मिळतं, ते आजसुद्धा घालता येईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न घेतला. मग स्वतःच म्हणाल्या, "मालक जिता हाय माजा, आन ह्यो हात भुंडा. पाव्हण्या बाया आदी हाताकडंच बघत्यात. काचंच्याच पायजेत."

लग्न १८ मे. रकान्यात लिहिलं: काचेच्या बांगड्या, उजवा हात. सरांना हे विनोदी वाटेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्री बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, बांगडी भरायला बोटं सरळ लागत नाहीत, सैल लागतात. अंगठा तळव्यात दुमडून हात निमुळता करतात, मग बांगडी सरकते. मी अकरा दिवस बोटं सरळ करण्यामागे लागलो होतो. तिने कपाटातली एक जुनी धातूची बांगडी काढून दिली. आज ती वच्छलाबाईंच्या हातावर लावून पाहिली. बोटांच्या पहिल्या पेरावरच अडली. हे माप रजिस्टरमध्ये घालता येत नाही, म्हणून इथे.

नंबर सहा, आमिनाबी. डावा पाय काठीसारखा ताठ, हात दोन्ही उत्तम. पाटोद्याच्या बाजारात चाळीस वर्षं बांगड्या भरायचं काम. मांडी घालता येत नाही म्हणून दीड वर्षापासून बंद. सोबत मुलगा अशफाक येतो, टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. अभिमन्यूने सांगितलं, आज तो पडद्यामागे दिव्यासमोर मोबाईल धरून सेल्फी काढत होता. आधी आईबरोबर, मग वच्छलाबाईंना धरून आत नेलं तेव्हाही. फोटो काढायला लेखी परवानगी लागते, असं त्याला सांगितलं. "डिलीट करतो सर," म्हणाला आणि लगेच केलेही. हल्ली कुठेही सेल्फी काढतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जीप आल्यावर अर्धा तास कोणी उतरलं नाही. आत बसून बोलत होते. आश्रुबांचाच आवाज जास्त. बहुतेक कोणाच्या तरी वावराच्या बांधाचं भांडण. मी मध्ये पडलो नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हजेरी शंभर टक्के. असं माझ्या केंद्रात कधी झालेलं नाही. एरवी तिसऱ्या आठवड्यात अर्धे गळतात.

जीपमधून उतरताना आश्रुबा म्हणाले, "आज माजी बारी न्हाई." कसली बारी, विचारलं. "फुडल्या शिटाची," आमिनाबी म्हणाल्या. "पाय लांबवता येतो ना तिथं, डाक्टर साब. म्हनून बारी लावलीया." चांगली कल्पना आहे. समजूतदार माणसं आहेत.

वच्छलाबाईंच्या चंचीतून कार्ड पडलं. उचलून बघतो तर सहा नंबरचं, आमिनाबींचं. घाईत अदलाबदल झाली असणार. मी स्वतः ज्याचं त्याला नेऊन दिलं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. कार्डं जपा, म्हणालो.

४ मार्च, मंगळवार

सहा आठवड्यांची मापं घेतली. आठपैकी सात जणांमध्ये सुधारणा. वच्छलाबाई तीनवरून दोन. बांगडी दुसऱ्या पेराच्या पुढे गेली. चिंधी ठेवणं बंद झालंय, तळवा कोरडा आहे, वास नाही. त्यांनी तळवा माझ्या नाकाशी आणून दाखवला.

आठवी आमिनाबी. जिथल्या तिथे. रोजे सुरू झालेत, तेवढं धरूनसुद्धा कमी आहे. मनात अंदाज बांधू नये, पण बांधला गेला: या रिकाम्या दिव्याच्या असणार.

एक नोंद. काही रुग्ण माझा व्यायाम संपल्यावर व्हरांड्यात पुन्हा तेच करत बसतात. आज आश्रुबा भिंतीला धरून उठाबशा काढत होते. विचारलं तर म्हणाले, "दुप्पट हाय आज." उत्साह चांगला आहे, पण सगळ्यांना व्यायाम तेवढाच हवा. पुढच्या वेळी सांगितलं पाहिजे.

७ मार्च, शुक्रवार

सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सुट्टी.

२१ मार्च, शुक्रवार

आज आमिनाबींना जरा बोललो. पाय हलत नाही म्हणजे घरी व्यायाम करत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. बाकीचे सात पुढे गेले, तुम्हीच मागे का? रोज्याचं कारण मला पटत नाही, हेही म्हणालो. अशफाक काहीतरी बोलायला लागला, तर त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "बरोबर हाय डाक्टर साब. माजीच कसूर हाय. करीन."

वच्छलाबाई तेव्हा टेबलावर तळवा टेकवून भार देत होत्या. त्यांनी अचानक हात काढून घेतला आणि आज पुढचा व्यायाम करणार नाही म्हणाल्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "दुकतंय." आजवर एकदाही त्यांनी दुखतंय म्हटलेलं नव्हतं. रजिस्टरमध्ये लिहिलं: वेदना, कारण अस्पष्ट.

११ एप्रिल, शुक्रवार

शेवटचं सत्र. मापं पूर्ण. वच्छलाबाई ताठरपणा दीड. बोटं सैल होतात, अंगठा बाहेर येतो, सांगितल्यावर परत आत दुमडता येतो. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. करंगळीच्या रुंदीएवढंच अंतर राहिलं.

"अजून पाच आठवडं हायेत," त्या म्हणाल्या. दिवा आज बंद होतोय, असं मी सांगितलं. पुढे राहील की नाही ते निकालावर. तेव्हा त्यांनी आमिनाबींकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

आमिनाबी, पट्टीवर अर्ध्या घराची सुधारणा. आठांत सगळ्यात कमी.

मला निकाल चांगला यायला हवाय. हे वहीत कबूल करायला हरकत नाही. असा दिवा या जिल्ह्यात दुसरीकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सरांनी फोनवर पाकीट उघडलं. अ रिकामा, ब खरा.

अ गटाची सरासरी सुधारणा आणि ब गटाची सरासरी सुधारणा जवळजवळ एकच. उलट सगळ्यात जास्त सुधारलेल्या वच्छलाबाई अ मधल्या. सगळ्यात कमी सुधारलेल्या आमिनाबी ब मधल्या, म्हणजे खऱ्या दिव्याच्या. सर म्हणाले, "भारत, वाईट वाटून घेऊ नकोस. फरक नाही हाही निष्कर्षच असतो. पुढच्या आठवड्यात दिवे पाठवून दे."

मी वाईट वाटून घेत नाही. मार्चपासून खालच्या मजल्यावर जागाही बघून ठेवली होती दिव्यासाठी, तेवढंच.

२ मे, शुक्रवार

निकाल सांगायला आठही जणांना बोलावलं होतं. नियमच आहे, ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना तो कळला पाहिजे. म्हणालो, अ दिवा रिकामा होता.

कोणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं.

"ते म्हाईत हाय," आश्रुबा म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टीव्हीचा रिमोट चालतो की नाही हे बघायला दुरुस्तीवाले तो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरतात. डोळ्यांना न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. अशफाकने तिसऱ्याच आठवड्यात दोन्ही दिवे सेल्फी कॅमेऱ्यातून बघितले. एकात जांभळं चांदणं, एकात काळोख. त्याने ते जीपमध्ये सांगितलं. त्याच्या आईचा नशिबाने खरा निघाला होता. तो गप्प बसला असता तर तिला धुळवड सोडून तेवीसही वेळा मिळाला असता.

"मंग आमी जीपमंदीच बसून ठरिवलं," आश्रुबा म्हणाले. "आमच्या हिरीवर चौघा भावांची बारी हाय. पाणी एकाच्याच वावरात सोडून चालंल का? इथं बी तसंच. कार्डं चार हायेत उजेडाची, माणसं आठ. बारी लावली."

दर वेळी जीपमध्ये कार्डं बदलायचे. आणि ज्याची बारी नाही त्याने त्या दिवशी व्यायाम दुप्पट करायचा, हाही ठराव. "ज्याच्याकडं पाणी न्हाई त्यानं त्या दिशी कोळपं धरायचं. नुस्तं बसायचं न्हाई," आश्रुबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराधी काही नव्हतं. एखादी संस्था नीट चालवल्यासारखं सांगत होते.

वच्छलाबाईंना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त बाऱ्या मिळाल्या. लग्न जवळ आहे म्हणून आमिनाबींनी आपल्या देऊन टाकल्या. शिवाय दीड तास जाताना, दीड तास येताना, जीपमध्ये त्या वच्छलाबाईंचा हात मांडीवर घेऊन बसायच्या, बांगड्या भरण्याआधी हात मऊ करतात तसा चोळत. बोटागणिक. हे बारा आठवडे.

मी आमिनाबींना २१ मार्चला जे बोललो ते मला आठवलं. त्यांनाही आठवत असणार. मला लाज वाटली. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "जाऊ दे बेटा. तुमाला कुटं म्हाईत होतं?"

अभिमन्यूला विचारलं, तुला दिसत नव्हतं का? त्याने मान खाली घातली, पण उत्तर दिलं. "सर, तुमीच म्हणलात, कार्ड बघायचं. तोंड बघू नको म्हणलात."

४ मे, रविवार

आश्रुबांकडे बाऱ्यांची वही आहे. शाळेची रेघी वही, प्रत्येक तारखेला चार नावं. माझ्या रजिस्टरपेक्षा नीट. त्यात, बारी लावल्यापासूनच्या अठरा सत्रांत, वच्छलाबाईंना पंधरा वेळा खरा उजेड, आमिनाबींना तीन.

दुपारी तीन तास बसलो. कार्डांऐवजी या वहीप्रमाणे हिशेब लावला, तर निकाल उलटतो. ज्याला जास्त उजेड त्याला जास्त गुण, सरळ चढती रेघ. सर खूश होतील. दिवा इथेच राहील. मी पत्राचा मसुदा लिहिलाही.

मग फाडला. ज्या दिवशी उजेड नाही त्या दिवशी व्यायाम दुप्पट, ते कुठे धरायचं? मग आमिनाबींचा पाय का नाही सुटला? रोज्यांमुळे, वयामुळे, की उजेड नव्हता म्हणून? आणि ते जीपमधलं हात चोळणं कोणत्या रकान्यात घालायचं? वच्छलाबाईंचा हात कशाने सुटला हे मला सांगता येत नाही. आता कोणालाच येणार नाही.

सरांना सगळं जसं झालं तसं लिहिलं. अभ्यास बाद धरावा, चूक माझ्या देखरेखीची. आश्रुबांच्या वहीचे फोटो जोडले. पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, आठ माणसांचं नाव त्यात चोरासारखं यायला नको. तेवढं वाक्य बदललं.

९ मे, शुक्रवार

सरांचं दोन ओळींचं उत्तर. अभ्यास रद्द. दिवे ताबडतोब परत. पुढचं नंतर बोलू.

अभिमन्यूने दिवे खोक्यात भरले. बंद करण्याआधी मी माझा मोबाईल काढला आणि सेल्फी कॅमेऱ्यातून ब कडे बघितलं. जांभळा ठिपक्यांचा चौकोन, बराच सुंदर. अ मध्ये काळोख. तीन महिने मी त्या पडद्यापासून चार फुटांवर होतो.

१६ मे, शुक्रवार

वच्छलाबाईंच्या गावाला गेलो. निमंत्रण लग्नाचं होतं, पण मी बांगड्यांच्या दिवशी गेलो. दिवा बंद झाल्यावर पाच आठवड्यांत हात परत आवळतो की काय, ते बघायचं होतं.

अंगणात सतरंजी. नात संस्कृती आणि तिच्या मैत्रिणींचे चुडे झालेले होते. कासार दुसऱ्या घरी गेला होता. वच्छलाबाई आमिनाबींशिवाय कोणाकडूनही भरून घेणार नव्हत्या. दहा वाजता अशफाक आईला घेऊन आला.

आमिनाबींना मांडी घालता येत नाही. दोघांनी धरून त्यांना खाली बसवलं. ताठ पाय त्यांनी सरळ पुढे पसरला आणि त्या पायावर वच्छलाबाईंचा उजवा हात ठेवला. टेबल केल्यासारखा. कोपरापासून खाली चोळत आल्या. मी ताठरपणा बघायला पुढे झालो तर म्हणाल्या, "तुमी बसा तिकडं."

पहिली हिरवी बांगडी अंगठ्याच्या मुळाशी वाढली. बायका फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वच्छलाबाईंच्या हाताला जरा रक्त आलं. मागे उभे असलेले त्यांचे मालक म्हाळू म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. कोण बघतंय?" वच्छलाबाई म्हणाल्या, "भर गं."

दुसरी आमिनाबींनी हाताला लावली आणि थांबल्या. भरायची घाई नाही, असं इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. लग्नाला माणसं किती, आचारी कुठला. वच्छलाबाई उत्तर द्यायला लागल्या, आचारी तलवाड्याचा हाय, आणि बोलता बोलता हात सुटला. बांगडी मनगटात होती.

सात भरल्या. वच्छलाबाईंनी हात वर करून हलवला. बांगड्या वाजल्या. मग तो हात त्यांनी आमिनाबींच्या ताठ पायावर परत ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. म्हाळू गोठ्याकडे निघून गेले. मीही थोडा वेळ विहिरीकडे गेलो होतो.

२० मे, मंगळवार

सकाळी साडेदहाला जीप आली. मी कोणाला बोलावलं नव्हतं. अभ्यास संपला, दिवे गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. अशफाक चालवत होता. आठही जण उतरले. वच्छलाबाईंच्या उजव्या हातात सातही शाबूत.

म्हणालो, दिवा नाहीये आता. कशाला आलात?

आश्रुबांनी भिंत धरली आणि व्हरांड्यात चढले. "म्हंजी आज कुनाचीच बारी न्हाई," म्हणाले. "समद्यांनी दुप्पट."

आमिनाबींना मी आधी घेतलं. वच्छलाबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या, आमिनाबींचा पाय मांडीवर घेतला आणि मला विचारलं, कुठून चोळायचं ते दाखवा. दाखवलं. एकदा दाखवल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला.

आठ हजर. मापं घेतली नाहीत.